मनिऑर्डर, घेण्यास नकार

लक्ष्मीपुरीतला आठ बाय दहाचा गाळा.
त्याचा सिटी सर्व्हे नंबर मला
पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्का पाठ.
वडिलांनी दिला एकोणसत्तरला, तोंडी,
पानाच्या ठेल्यावर, महिना बावीस रुपये.
ना स्टॅम्प, ना साक्षीदार.
कायदा मात्र तिथंच उभा होता म्हणे
चुना लावत, सगळं ऐकत.

गाळ्यात दस्तगीर शिकलगार.
शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, अडकित्ते,
आणि दगडातून उडणाऱ्या ठिणग्या.

चौऱ्याण्णवला वकील म्हणाले, मगदूम,
नुसतं 'मला पाहिजे' चालत नाही,
गरज लागते. वाजवी आणि प्रामाणिक.
मग लिहिलं : थोरल्याला एसटीडी बूथ घालायचा आहे.
तेव्हा ते खरं होतं.
दावा बोर्डावर येईतो बूथ गेले.
दुरुस्ती अर्ज : झेरॉक्स सेंटर.
पुन्हा दुरुस्ती : मोबाईल रिचार्ज.
थोरला आता हिंजवडीत, लिफ्ट असलेल्या घरात
अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू.
फोनवर विचारतो, अप्पा, मालक डिपॉझिट देत नाही,
काय कलम लागतं?

भाडं घेऊ नका, वकील म्हणाले,
घेतलंत तर मान्य केलंत.
म्हणून दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला
पोस्टमन फॉर्म पुढं धरतो
आणि मी लिहितो : घेण्यास नकार.
बावीसचे आता सेहेचाळीस झालेत,
दरसाल चार टक्के, हिशेबाला चोख माणूस.
पण लिहिण्याआधी मी मजकुराची जागा वाचतो.
*भाडे माहे जुलै. पंचगंगा मच्छिंद्रीला लागली.
तुमच्या बोळात पाणी आलं का?*
*भाडे माहे नोव्हेंबर. नातीचं बारावीचं झालं.*
*भाडे माहे जानेवारी. गुडघा.*
नुसतं एवढंच, गुडघा.
मलाही होता तेव्हा, डावा.

कोर्ट सीपीआरसमोरून बावड्याला गेलं,
मागोमाग आमच्या तारखाही गेल्या.
केएमटीत तो पुढच्या दारानं, मी मागच्या.
पुकारा झाला की दोघंही उठायचो,
बसताना एकच आवाज, दोघांच्या तोंडून.
एकदा पायरीवर म्हणाला,
वहिनींच्या विळीची धार गेली असंल, पाठवा की.
मी म्हटलं, दावा चालू आहे.
घरी आलो तर विळी धार लावून आलेली.
बायकोनं शेजारच्या पोराबरोबर
केव्हाच पाठवली होती.

मार्चची मनिऑर्डर आली नाही.
सहा गेली, दहा गेली.
बाराला मीच पोस्टमनला हटकलं.
तो म्हणाला, तुम्हाला नकोच असते ना?

मग वकिलांचा फोन : प्रतिवादी मयत.
नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्या,
नाहीतर दावा संपला म्हणून समजा.
नाव, वय, धंदा, पत्ता, सगळ्यांचं.
आणि हो, जाता जाता सांगतो,
तुमच्याही वारसांची यादी देऊन ठेवा.

गाळ्यात त्याची थोरली, जैनब.
दगड थांबवला, स्टूल पुसलं.
एवढ्या वर्षांत त्या जागेत मी पहिल्यांदा बसलो.
आठ बाय दहा म्हणजे किती कमी असतं
ते नकाशावर कळत नाही.
नावं सांगत गेली, मी लिहीत गेलो.
एक भाऊ इचलकरंजीला, एक बहीण मिरजेला.
स्वतःचा धंदा सांगताना थांबली, म्हणाली,
हेच लिहा. धार लावणे.
चहा आला. घेण्यास नकार
तोंडावर आला आणि मी तो गिळला, चहाबरोबर.

अर्ज अजून माझ्याच पिशवीत आहे.
नव्वदातले एकसष्ट दिवस झालेत.

आज पोस्टमन आलाय.
अक्षर वेगळं, जरा तिरकं.
*भाडे माहे मार्च व एप्रिल.*
पुढची जागा कोरी.
मी ती उलटून पाहतो, पुन्हा सुलटी करतो.
तो पेनाचं टोपण काढून उभा आहे.